पान तुम्ही पलटणार की मशीन?

दुकानासाठी नाहीतर शाळेसाठी छोटा काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्यायचा म्हटलं, की गाडी शेवटी दोन मशिनींवर येते. एकीत दुसऱ्या बाजूसाठी गठ्ठा आपण उलटा करून घालायचा. दुसरी प्रत्येक पान स्वतःच परत आत ओढते. दुसरीला काही हजार जास्त पडतात. दारव्ह्याकडे आमचं झेरॉक्स-डीटीपीचं काम आहे आणि दोन्ही प्रकार हाताखालून गेलेत.

हाताच्या, म्हणजे गठ्ठा आपण उलटायच्या मशीनचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. कागदाची वाट सोपी, त्यामुळे अडकणं कमी. जाड कागदावरचं प्रमाणपत्र बिनधास्त निघतं. बऱ्याच छोट्या ऑटो मशिनी पलटतात तो फक्त ए-फोर. लीगल, म्हणजे ए-फोरपेक्षा लांब कागद तिथंही हातानंच उलटावा लागतो. तहसीलची कामं जास्त असतील तर हे दुकानदाराला आधी विचारून घ्या.

आता मला जे खटकलं ते. समजा पतसंस्थेचा अहवाल आहे, साठ पानं, तीस कागद. पहिली बाजू, म्हणजे एक, तीन, पाच अशी पानं काढली, गठ्ठा उलटून घातला. लेझरच्या उष्णतेनं कागदातली ओल उडालेली, कडा वळलेल्या, त्यात मे महिन्याची कोरडी हवा. कागद एकमेकांना असे चिकटतात की मध्येच दोन सोबत आत जातात. अडकले तर बरं, निदान कळतं. पण ते गुपचूप निघून जातात आणि तिथून पुढचं प्रत्येक पान एकानं सरकतं. गिऱ्हाईक घरी जाऊन परत येतं, "भाऊ, पंधराव्याच्या मांगं चौदावं कसं आलं?" मग पुढचा सगळा गठ्ठा रद्दीत. कागद झटकून, थंड करून घातले तर फरक पडतो, नाही असं नाही. पण परीक्षेच्या दिवसात पोट्टे काउंटरवर उभे असताना थंड व्हायला वेळ कुठून आणायचा?

ऑटो मशीनमध्येही दोन कागद सोबत जातात. पण तिथं एका कागदाच्या दोन्ही बाजू लागोपाठ होतात, म्हणून फार तर एक कोरा कागद मध्ये येतो किंवा पान अडकतं. पुढचा क्रम शाबूत राहतो. माझ्यासाठी निकाल इथंच लागला. वेग कमी होतो, आणि कधी मागचं झाकण उघडून कागद ओढावा लागतो, हे मान्य. आडवा तक्ता पुस्तकासारखा उघडायचा असेल तर तेवढं प्रिंट करताना 'शॉर्ट एज', म्हणजे आखूड कडेवर पलटणं, निवडा.

लाइट गेली की मात्र दोन्ही सारख्याच. लेझर गरम होताना इतकी वीज खेचतो की साधा इन्व्हर्टर बोंबलतो. तिथं इंक टँक, म्हणजे टाकीत पातळ शाई भरायचा प्रिंटर जिंकतो. पण स्वस्त कागदावर त्याची शाई पाठीमागून दिसते, म्हणून दोन्ही बाजूंच्या कामाला मी तो धरत नाही. लेझरलाही 70 जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जास्त तेवढा कागद जाड) कागदावर ठळक मथळे मागून दिसतातच; 75 बरा.

फॉन्टचं थोडं सांगतो, कारण कागद तिथंही वाचतो किंवा वाया जातो. मंगल फॉन्टमध्ये ओळींतलं अंतर एवढं सैल, की दोन पानांत मावणारी प्रश्नपत्रिका तिसऱ्यावर चार ओळी सांडते आणि प्रत्येक मुलामागे एक कागद वाढतो. अंतर जबरदस्तीनं आवळलं तर वेलांट्या आणि रफार कापले जातात. मी कोकिळा फॉन्ट लावतो. अक्षर बारीक दिसतं म्हणून आकार दोन-तीन अंकांनी वाढवतो, तरी जागा उरते. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाईल घेऊन येणाऱ्या गुरुजींना मी आधी तिची पीडीएफ करून आणायला सांगतो, नाहीतर ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथं इंग्रजी अक्षरांचा काला उमटतो.

दिवसाला चार-दोन उतारे आणि एखादा अर्ज एवढंच काम असेल तर हाताची मशीन पुष्कळ झाली. पण अहवाल, प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या याद्या येत असतील, तर मी तरी ते जास्तीचे पैसे मोजीन. मागचं झाकण सहज हात घालण्याइतकं उघडतं का, तेवढं दुकानातच उघडून पाहा. आणि मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका.