67 हजार कापले, गुडघा मस्त बसला, गोळी मात्र एनए

ईसीएचएसला पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठं कापले ते खाली सांगतो, लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

मी 2018 ला नायब सुबेदार म्हणून घरी आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, 1 एप्रिल 2003 पासून चालू आहे, एकदाच पैसे भरायचे आणि मग नवरा-बायको दोघांनाही जन्मभर इलाज, वर अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील. आमच्या रँकला 67,000, हवालदारापर्यंत 30,000 आणि ऑफिसर लोकांना 1,20,000. रिटायरमेंटच्या पैशातून परस्परच कापून घेतात. तेव्हा लागलं होतं मनाला, खोटं कशाला बोलू, त्याच महिन्यात पोरीची ॲडमिशन होती आणि मी म्हणजे पहाटे पाच किलोमीटर पळणारा माणूस, मला काय धाड भरली आहे असं वाटायचं. धाड मला नाही, आईला भरली. शुगर, बीपी, थायरॉइड आणि उजवा गुडघा, सगळं दोन वर्षांत. एका इन्शुरन्सवाल्याला सहज विचारलं की सत्तरीच्या पुढच्या शुगरवाल्या बाईची पॉलिसी काढायची तर किती, त्यानं आकडा सांगितला आणि मी चहा अर्धा टाकून उठलो. त्या दिवसापासून 67 हजारांचं दुखणं गेलं.

आता पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचा स्वतःचा दवाखाना. नागपूर भागातलंच एक, कुठलं ते लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांशी माझं वैर नाही आणि दर महिन्याला मला त्याच खिडकीसमोर उभं राहायचं आहे. सकाळी आठला गेलो तरी पुढं तीस-चाळीस जण असतात. लाइन मात्र बघण्यासारखी. कोणी सांगत नाही तरी सगळे एका हाताच्या अंतरावर उभे, वीस वर्षं फॉल इन केलेलं अंगातून जात नाही न. मध्ये कोणी सिव्हिल ड्रेसमधला पोरगा घुसला तर मागून आवाज येतो, "ओ भाऊ, कोणती युनिट?" बस, पोरगा मागं.

डॉक्टर? डॉक्टरला मी पाचपैकी पाच देतो. बाहेर शुगरच्या डॉक्टरकडं सातशे-आठशे फी देऊन तीन मिनिटं मिळतात आणि तो कॉम्प्युटरकडंच बघून बोलतो. इथल्या मॅडमनी आईला चप्पल काढायला लावली, दोन्ही तळवे हातात घेऊन बघितले, बोटांच्या बेचक्यात बघितलं, डोळे मिटायला सांगून पायाला कापूस लावला की कळते का म्हणून विचारलं. आई नंतर मला म्हणते, "काय रे, एवढी शिकलेली बाई आन् माह्या पायाले हात लावते." शुगरवाल्यांचे पाय बघायचेच असतात पण बघतो कोण. अडचण एकच की ही मंडळी करारावर असतात, करार संपला की दुसरे येतात, मग नव्या डॉक्टरला सगळी रामकहाणी पुन्हा सांगा. त्या मॅडम पण गेल्या. नवीन सर आहेत, चांगले आहेत, पण तळवे काही बघितले नाहीत अजून, पुढच्या वेळी मीच आईची चप्पल काढून बसवणार आहे.

मग औषधाची खिडकी. इथं पहिला स्टार गेला, पूर्ण.

गोष्ट अशी की आईला वाचता येत नाही. तिला गोळ्या रंगावरून कळतात. सकाळची गुलाबी म्हणजे बीपी, जेवणाआधीची बारकी पांढरी म्हणजे शुगर. सरकारी खरेदीत कंपनी बदलत राहते, औषध तेच, नाव तेच, पण स्ट्रिप वेगळी आणि गोळीचा रंग वेगळा. एका महिन्यात बीपीची आली पांढरी आणि शुगरची आली गुलाबी. मी नेमका लग्नाला अमरावतीला. बायको माहेरी. आईनं आपल्या हिशोबानं घेतल्या, बीपीची समजून सकाळी एक गुलाबी घेतली, मग शंका आली म्हणून दुपारी अजून एक. चार वाजता शेजारच्या काकूंचा फोन, "भाऊजी, आईंना दरदरून घाम आला, हात थरथरते." साखर मोजली तर 58. काकूंनी गूळ-पाणी पाजलं, अर्ध्या तासात बाई उठून बसली आणि मी पोचल्यावर मलाच ओरडली की लग्न सोडून काहून आला. हसण्यावारी नेलं आम्ही, पण 58 म्हणजे हसण्याची गोष्ट नाही.

आता याच्यात चूक कोणाची? खिडकीवरच्या पोरानं बरोबर औषध दिलं होतं, डॉक्टरनं बरोबर लिहिलं होतं. पण म्हातारी माणसं येतात हे माहीत असताना खिडकीतून स्ट्रिप सरकवताना "आजी, या वेळी रंग बदललाय बरं" एवढं एक वाक्य बोलायला काय जाते? मागं चाळीस लोक उभे असतात म्हणून बोलत नाही, हे पण मला कळते. शेवटी बायकोनं जुन्या साडीच्या तीन पिशव्या शिवल्या, लाल बीपीची, हिरवी शुगरची, पिवळी थायरॉइडची. खिडकीतून औषध घेतलं की तिथंच बेंचवर बसून मी पिशव्या भरतो. आता दोन-तीन जणांनी बघून आपापल्या घरी तेच केलं.

आणि एनए. एनए म्हणजे नॉट अव्हेलेबल, फौजी लोकांना हा शब्द अर्थ न सांगता कळतो. आईची थायरॉइडची गोळी दोनदा एनए निघाली. एनए झालं की बाहेरून घ्या, शिक्का, चिठ्ठी, बिल जोडून क्लेम लावा. मी लावला एकदा. दोन चकरा, एक झेरॉक्स कमी म्हणून तिसरी, आणि बिल होतं दोनशेच्या आत. पुढच्या वेळी गुमान मेडिकल स्टोअरमधून घेतली. माझं ठीक आहे, मला पेन्शन बरी आहे आणि घर जवळ आहे. बेंचवर एक मावशी भेटतात, शिपाई म्हणून गेलेल्या माणसाच्या पत्नी, काटोलकडून एसटीनं येतात. त्यांना एनए म्हणजे पूर्ण दिवसाची रोजी गेली. ही तक्रार काही माझी एकट्याची नाही, सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनं 2015 च्या अहवालात या योजनेचं ऑडिट केलं होतं त्यात पण औषधं न मिळण्याचा मुद्दा होताच. एवढी वर्षं झाली, खिडकी तीच.

बेंचवरचं मत ऐकायचं असेल तर ते रँकनुसार नाही, रिटायरमेंटच्या सालानुसार बदलते, हे मी बघून राहिलो. 1996 च्या आधी रिटायर झालेल्यांना पैसे भरावेच लागले नाहीत. त्यातले एक काका 71 च्या लढाईतले आहेत, काठी टेकत येतात, त्यांचं म्हणणं, "आमच्या वेळी गावात कंपाउंडर होता फक्त. फुकट मिळून राहिलं अन् तुम्ही कुरकुर करता." लगेच पलीकडून 2021 ला आलेला हवालदार म्हणतो, "काका, तुमचं फुकट, माह्ये तीस हजार गेले न." तो पोरगा मोबाइलवर सगळे नियम वाचून येतो, खिडकीवर परिपत्रक दाखवतो, त्याचं काम लवकर होते. काकांचं पण लवकर होते कारण सगळे त्यांना पुढं जाऊ देतात. मधले आम्ही, ना परिपत्रक ना काठी.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगतो, कारण इथंच योजनेची खरी किंमत कळली. पद्धत अशी की पॉलिक्लिनिकमधून आधी मिलिटरी हॉस्पिटलकडं बघतात, तिथं ती सोय किंवा जागा नसेल तर यादीवरच्या खाजगी हॉस्पिटलचं रेफरल मिळते. आम्हाला खाजगीचं मिळालं. पहिल्या हॉस्पिटलमध्ये (नाव सोडा) रिसेप्शनवरच्या पोरीचा पहिला प्रश्न, "कॅश की ईसीएचएस?" ईसीएचएस म्हटल्यावर बेड नव्हता. पुढच्या आठवड्यात पण नव्हता. बायको माझ्यापेक्षा हुशार, तिनं बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून त्यांनाच फोन लावला, सासूबाईंचा गुडघा आहे, कॅशमध्ये करायचं आहे. "मॅडम, आजच या ना." मी आत जाऊन भांडणार होतो, तिनं हात धरला. त्यांची बाजू पण अशी की सरकारकडून बिलं महिनोन्महिने अडकतात आणि दर सीजीएचएसचे (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना), म्हणजे बाजारापेक्षा कमी. खरं असेल. पण मग यादीतून नाव काढून घ्या ना बापा, बोर्ड कशाला लावून ठेवता.

दुसऱ्या हॉस्पिटलनं मात्र मान ठेवला. ईसीएचएसचं काउंटर लिफ्टच्या मागं, जिन्याखाली, पंखा पण नाही, पण तिथला पोरगा कामाचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एकानं येऊन हळूच सांगितलं की योजनेतला इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम सांधा, साधा आहे, वरचे पैसे दिले तर भारीतला टाकू. मी म्हटलं लेखी द्या, लेटरहेडवर, मी पॉलिक्लिनिकच्या ओआयसी (ऑफिसर इन चार्ज) साहेबांना दाखवतो. परत तो माणूस दिसला नाही. ज्यांचं ऑपरेशन आहे त्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवा.

ऑपरेशन झकास झालं. आमच्या रँकला सेमी-प्रायव्हेट मिळते, शेजारच्या बेडवर कळमेश्वरच्या एक रिटायर्ड मास्तरीणबाई होत्या, त्यांचं सगळं कॅशमध्ये चालू होतं, रोज संध्याकाळी त्यांचा मुलगा हिशोबाचा कागद बघून कपाळाला हात लावायचा. आमच्या डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर मी पाकीट काढून उभा, पोरगा म्हणे, "साहेब, सही करा फक्त." शून्य रुपये. माझं जेवण, चहा आणि ऑटो एवढाच खर्च. आई आता टेकडीच्या गणपतीला चालत जाते, परत येताना तर्री पोह्यासाठी थांबते, डॉक्टरला सांगू नका.

इमर्जन्सीचं दोन ओळीत, कारण वेळ आली की कोणाला आठवत नाही. रेफरलची वाट बघू नका, जवळच्या हॉस्पिटलमध्ये घाला. यादीवरचं असेल तर कार्ड दाखवा आणि 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळलं की नाही ते स्वतः फोन करून विचारा, हॉस्पिटलवर सोडू नका. यादीवरचं नसेल तरी कळवायचंच, आणि मग आधी पैसे भरावे लागतात, नंतर क्लेम, तो पण सीजीएचएसच्या दरानं, म्हणजे सगळे परत येत नाहीत. आणि कार्ड घरच्यांना कुठं ठेवलंय ते दाखवून ठेवा, माझ्या एका साथीदाराचं कार्ड ट्रंकेत, चावी त्याच्या खिशात, आणि तो आयसीयूत.

कोणी म्हणते याच्यापेक्षा सरळ मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला जावं. माझा साळा होता तिथं ॲडमिट, डॉक्टर एक नंबर, पण अर्धा विदर्भ, वर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे पेशंट, एका खाटेजवळ चार नातेवाईक जमिनीवर. त्या मानानं आम्ही बेंचवर पंख्याखाली बसतो. मे महिन्यात तो पंखा गरमच हवा फेकतो ही गोष्ट वेगळी.

तर एक स्टार औषधाच्या खिडकीचा कापला, अर्धा त्या "कॅश की ईसीएचएस"चा. ज्यांना वाटते मी कडक मार्क दिले त्यांनी काटोलच्या मावशींना विचारावं, त्या दोनच देतील. आणि 71 वाले काका सहा देतील, पाचपैकी.

रेफरलचं किंवा क्लेमच्या झेरॉक्सचं काही विचारायचं असेल तर खाली विचारा, नाहीतर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी मी बेंचवर पिशव्या भरत असतोच.