काटा पावावर, टाकी कोरडी

माझी डिझेल हॅचबॅक पंधरा वर्षांच्या पुढची आहे. टाकी फुल केली की डिझेलचा काटा बरोबर वर जायचा, अर्ध्यापर्यंत शहाण्यासारखा उतरायचा आणि पावावर आला की तिथेच ठाण मांडायचा. एखाद्या खड्ड्यात गाडी आदळली तर एकदम खाली पडायचा. ही लक्षणं मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण पुढची सगळी बनवाबनवी यांच्या जोरावरच झाली.

पुण्यातल्या एका गॅरेजात (नाव लिहीत नाही) गाडी दाखवली. मालकाने चावी फिरवली, मीटरच्या काचेवर टिचकी मारली आणि निकाल देऊन टाकला, "साहेब, मीटर गेलंय. टाकीतलं युनिट पण गेलं असणार. दोन्ही एकदम टाकू, म्हणजे परत यायला नको." मीटर म्हणजे डिझेलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा दाखवणारा स्टिअरिंगपुढचा डबा, युनिट म्हणजे टाकीत किती डिझेल आहे ते मोजणारा भाग. वायरिंग तपासायचा मल्टिमीटर कुणी हातात घेतला नाही, मागची सीट कुणी उचलली नाही. संध्याकाळी साध्या कागदावर बॉलपेनने लिहिलेलं बिल: सेकंडहँड मीटर 4,500, नवीन टँक युनिट 2,800, टाकी उतरवायची मजुरी 1,200. एकूण 8,500 रुपये. वर सल्ला, "जाताना टाकी फुल करा, युनिट सेट होईल."

या सल्ल्याला मानलं पाहिजे. फुल टाकीवर माझा काटा आधीही नीटच चालायचा! त्यामुळे गिऱ्हाईक खुशीत घरी जातं आणि खरी परीक्षा टाकी रिकामी होत आल्यावर, गॅरेजपासून लांब कुठेतरी होते.

मीटर बदललं तसा किलोमीटरचा आकडाही बदलला. गाडी गॅरेजात गेली तेव्हा 1,46,000 च्या आसपास होती, आली ती 83,000 ची होऊन. विचारलं तर म्हणे, "फायदाच आहे की साहेब, विकताना दोन पैसे जास्त येतील." हा फायदा कसला? इंजिनातला टायमिंग बेल्ट किलोमीटर बघून बदलायचा असतो. चुकीच्या आकड्यावर विसंबून राहिलं आणि बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलायची पाळी येते. शिवाय सर्व्हिसच्या बिलांवर 1,40,000 आणि मीटरवर 83,000 बघितल्यावर गाडी घेणारा चोर कुणाला समजेल? जुनं मीटर मागितलं तर उत्तर तयार होतं, "ते भंगारात गेलं."

पुढे पुण्याहून साताऱ्याला जाताना, खंबाटकी घाटाच्या चढावर गाडीने आचके दिले आणि बंद पडली. काटा पावावर. डिझेल गाडी कोरडी पडली की नुसतं कॅनमधून डिझेल ओतून भागत नाही. लाइनमध्ये एअर धरते. फिल्टरवरचा हातपंप दाबत बसायचं, एअर निघाली की मग स्टार्टर मारायचा. शेजारून ट्रक घोंघावत असताना हे काम करणं काय असतं ते केलेल्यालाच ठाऊक.

साताऱ्यात ओळखीने एका वयस्कर वायरमनकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी ऐकून घेतलं आणि आधी मागची सीट उचलली. खाली पत्र्याची झाकणी, तिच्या कडेला कंपनीतून लागलेलं सीलंट आणि वर वर्षानुवर्षांची धूळ, जशीच्या तशी. "भाऊ, हे कुणी उघडलंच नाही. हात लावायच्या आधी फोटो काढून घ्या," चाचा म्हणाले. म्हणजे नवीन युनिट टाकलंच नव्हतं. आणि टाकी उतरवायची मजुरी? या गाडीत युनिट सीटखालूनच निघतं. काही गाड्यांत टाकी खरोखर खाली घ्यावी लागते, पण आपल्या गाडीत काय आहे ते पैसे ठरवायच्या आधी सीट उचलून बघता येतं.

टाकीतलं हे युनिट तसं साधं प्रकरण आहे. एका दांडीच्या टोकाला फ्लोट असतो. तो डिझेलबरोबर वर-खाली होतो, तशी दांडीच्या दुसऱ्या टोकाची पितळी पत्ती रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकते. रेझिस्टन्स बदलला की काटा हलतो. चाचांनी कनेक्टर काढला, चावी ऑन करायला सांगितली आणि सिग्नलची वायर क्षणभर बॉडीला टेकवली. काटा फुलच्या दिशेने चालू लागला. वायर सोडली तसा खाली आला. म्हणजे मीटर ठीक, वायरिंगही ठीक. काही गाड्यांत काटा उलट्या दिशेला जातो, पण तो हलतोय का, एवढंच बघायचं असतं. नव्या गाड्यांत हा सिग्नल कॉम्प्युटरमधून जातो, तिथे मात्र वायर अशी टेकवू नये.

मग युनिट बाहेर काढलं. दांडी हाताने फिरवली तर पावाच्या खाली जाईना. बिजागरीत गाळ बसून ती अडकत होती, एवढाच रोग. जोराचा धक्का बसला की सुटायची, म्हणून खड्ड्यात काटा पडायचा. चाचांनी बिजागरी साफ केली, पट्टीवरचा काळा थर स्प्रेने पुसला, मल्टिमीटर लावून दांडी वरपासून खालपर्यंत फिरवून दाखवली. आकडा कुठेही न अडखळता बदलत गेला. रबरी रिंग नवीन टाकली, कारण जुनी फुगलेली असते आणि तीच बसवली तर टाकी फुल असताना गाडीत डिझेलचा वास येतो. खर्च 400 रुपये.

आणि हो, नव्या मीटरवरही काटा त्याच जागी अडकत होता, म्हणजे माझं मूळ मीटर धडधाकट होतं. धडधाकट मीटर भंगारात जात नसतं, ते पुढच्या गिऱ्हाइकाला 4,500 ला विकलं जातं.

फोटो आणि यूपीआयची नोंद जोडून मालकाला स्पीड पोस्टाने नोटीस धाडली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे हा प्रकार जिल्हा ग्राहक आयोगात नेता येतो. कामासाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षांची. सल्ला हवा असेल तर 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पण हातात पुरावा हवा, म्हणून पैसे रोख देऊ नका, बिल पक्कं मागा आणि "जुना पार्ट माझ्या हातात हवा" हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा. हे वाक्य ऐकल्याबरोबर ज्याचा चेहरा बदलतो, तिथून गाडी काढून घ्यावी.

नोटीस पोचल्यावर युनिटचे आणि मजुरीचे मिळून 4,000 परत आले. "पोराने गडबड केली" हे स्पष्टीकरणही सोबत आलं. मीटरचे पैसे नाहीत, मीटरही नाही. जुन्या सर्व्हिसची बिलं, तो बॉलपेनचा कागद आणि दोन्ही आकड्यांचा हिशेब मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवलाय. गाडी विकायची वेळ आली की घेणाऱ्यासमोर आधी तो ठेवणार, भाव कमी आला तरी.