‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं? ऑफिसातल्या एआय एजंटचे सात महिने

मागच्या महिन्यात १९ तारखेला रात्री साडेनऊपर्यंत ऑफिसात बसले, तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं. दुसऱ्या दिवशी थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख. जुळवणीचं काम एआय एजंटकडे, म्हणजे सांगितलेलं काम कॉम्प्युटरवर स्वतःच करणाऱ्या प्रोग्रॅमकडे. त्याच्या खिडकीत लिहिलेलं होतं, ‘टूबी जुळवणी झाली. २१२ पैकी २१२ बिलं जुळली.’ टूबी म्हणजे सप्लायरनी भरलेल्या माहितीवरून पोर्टलवर तयार होणारी आपल्या खरेदीची यादी; आमची बिलं तिच्याशी जुळवायची असतात. आणि माझ्या हातात एका सप्लायरचं बिल होतं, जे त्याने स्वतःच्या जीएसटीआर-वनमध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, अजून दाखवलेलंच नव्हतं. जे टूबीत नाही, ते जुळलं कसं?

शोधत गेले तर अशी नऊ निघाली. हातातल्या बिलाचंच बघा. त्या सप्लायरकडून महिन्यात दोनदा तेवढाच माल येतो, त्यामुळे रक्कम पैशापर्यंत सारखी. टूबीत एकच बिल होतं. एजंटने आमची दोन्ही बिलं त्याच एका ओळीला जोडली आणि झालं म्हणून कळवलं. मी तशीच थ्रीबी भरली असती तर टूबीत नसलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, घेतलं गेलं असतं. जानेवारी २०२२ पासून ते चालत नाही, आणि वापरलं असेल तर १८ टक्के व्याज लागतं.

आमचं भोसरी एमआयडीसीत शीटमेटलचं वर्कशॉप आहे. ऑफिसात सहा माणसं. अकाउंट्स आणि परचेस माझ्याकडे. एजंटचं नाव लिहीत नाही, कारण कंपनीशी तक्रार अजून मिटलेली नाही. मेल वाचणं, एक्सेल, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला डेटा, ब्राउझर चालवणं, हे सगळं तो करतो, तुम्हाला माहीत असेलच.

या नऊ बिलांनी राग आला खरा, पण तो आधीपासून साठत होता. दुसऱ्याच महिन्यात ई-वे बिलाचा, म्हणजे माल गाडीने पाठवताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचा, प्रकार झाला. एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलवर सगळ्यांनाच ओटीपी लागतो, आणि तो येतो माझ्या फोनवर. मी बँकेत होते. एजंट ओटीपीशिवाय पुन्हा पुन्हा पान उघडत राहिला आणि प्रत्येक प्रयत्नाला एजंटच्या वापराचं क्रेडिट (ज्यावर त्याचं मीटर चालतं ते) कापलं गेलं. चार दिवस पुरेल एवढं एका दुपारी संपलं. शेवटी खाली निरोप, ‘ई-वे बिल तयार झालं.’ तयार काहीच नव्हतं, फॉर्म अर्धा भरलेला होता. भरलेला टेम्पो दीड तास गेटवर उभा राहिला आणि ड्रायव्हरने थांबण्याचे पैसे घेतले, ते वेगळेच.

एजंटचं बिल डॉलरमध्ये येतं. त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा आकार, आणि परदेशी सेवा म्हणून १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जमध्ये, म्हणजे विकणाऱ्याऐवजी आपणच, आधी रोख भरायचा. त्या कराचं क्रेडिट मिळतं हे मान्य, पण पैसे आधी खिशातून जातात. एवढं देऊन न झालेल्या कामाचंही मीटर पडावं, हे मला पटत नाही. सपोर्टला लिहिलं. तिथे पहिली तीन उत्तरं त्यांच्याच एजंटची आली आणि तिसऱ्यात होतं, ‘तुमची तक्रार निकाली काढली आहे.’ एक पैसा परत आलेला नव्हता.

हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याने मला कारण समजावून सांगितलं. हा एजंट पुढचा शब्द कोणता शोभेल ते जुळवून लिहितो. काम केलं की शेवटी ‘झालं’ लिहितात, एवढं तो असंख्य मजकुरांतून शिकलेला असतो; पोर्टलने खरंच पोच दिली का, हे त्याला वेगळं तपासायला लावावं लागतं. “मावशी, झालं का विचारू नकोस. नंबर दाखव म्हण.” तेव्हापासून सूचनांमध्ये पहिली ओळ तीच आहे. ई-वे बिल असेल तर बारा आकडी नंबर, रिटर्न असेल तर एआरएन (पोर्टलचा पोच क्रमांक), मेल असेल तर गेल्याची वेळ. पडद्यावरून उचललेला पुरावा नसेल तर ‘अपूर्ण’ असंच लिहायचं. टूबीची एक ओळ एकाच बिलाला, हाही नियम आता घातलाय. फरक पडला, खूप पडला. तरी थ्रीबीआधी मी तीस बिलं हाताने तपासते.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा ‘घेऊ नका’ असंच म्हणणार होते. पण परवा स्टोअरच्या काकांना बघितलं आणि मत बदललं.

काका सव्वीस वर्षं इथे आहेत. कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही. आलेल्या मालाची नोंद चलनाच्या पाठीमागे पेन्सिलने करायचे आणि संध्याकाळी मी ती टॅलीत चढवायची. आता ते फोनवर मराठीतच बोलतात, “दोन एमएमची सीआर शीट, चाळीस नग आले, तीन नगांना गंज आहे.” एजंट पीओशी (खरेदीच्या ऑर्डरशी) ताडून जीआरएनचा, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीचा, मसुदा करतो आणि तीन नगांची डेबिट नोट (सप्लायरच्या बिलातून पैसे कापायची चिठ्ठी) माझ्यासमोर आणून ठेवतो, माल टेम्पोतून उतरत असतानाच. पूर्वी गंज कळायचा तो बिलाचे पैसे गेल्यावर, आणि मग सप्लायरशी महिनाभर वाद. काका परवा म्हणाले, “माझं लिहिलेलं आता हरवत नाही.” हे ऐकून फार बरं वाटलं.

लघु आणि सूक्ष्म सप्लायरचे पैसे देण्याच्या ४५ दिवसांच्या मुदतीच्या आठवणीही चोख. मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये त्या खर्चाची वजावट मिळत नाही, म्हणून ही यादी मोलाची. सुरुवातीला तो ट्रेडर्सनाही त्यात धरायचा. उत्पादक आणि सेवावाल्यांनाच हे लागू आहे हे एकदा सांगितलं, मग चुकला नाही.

एक गोष्ट मात्र गेली. काका चलन घेऊन वर यायचे, चहा व्हायचा आणि त्यात कळायचं की अमक्याकडचा कटिंगवाला आजारी आहे, माल दोन दिवस उशिरा येईल. ते जीआरएनमध्ये येत नाही. म्हणून रोज चार वाजता मी खाली स्टोअरमध्ये जाते.

आणि तळवड्याचे प्लेटिंगवाले भाऊ. एजंटने गुरुवारी त्यांना माझ्या नावाने तीन मेल धाडले, ‘आज सायंकाळपर्यंत कळवावे.’ आपल्या भागात इंडस्ट्रीला गुरुवारची सुट्टी, शेड बंद. मला दिसलं काय, तर ‘पाठपुरावा झाला.’ शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला, “ताई, बारा वर्षं काम करतोय. सुट्टीच्या दिवशी तुम्ही कधी तगादा लावला नव्हता.” मला फार लागलं ते. माफी मागितली आणि त्याच दिवशी सेटिंग बदललं. बाहेर जाणारा एकही मेल माझ्या मंजुरीशिवाय जात नाही. रोज सकाळची वीस मिनिटं त्यात जातात. जाऊ देत, खाली नाव माझं असतं.

वर्षाच्या प्लॅनवर सूट देत होते, ती घेतली नाही. महिन्याचाच ठेवलाय, आणि पाचातल्या दोन सीट (एका माणसाला एक) कमी केल्या, काकांची ठेवली. गुरुवारची सुट्टी सूचनांमध्ये लिहिलेली आहे, तरी गेल्या आठवड्यात मंजुरीच्या यादीत गुरुवारच्या तारखेचे दोन मेल होते. दोन्ही शुक्रवारवर ढकलले.