आयबीएम पॉवर सर्व्हरसाठी दुसरा एचएमसी घ्यावा का?

दुसऱ्या एचएमसीचा (हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोल, पॉवर सर्व्हर सांभाळायचा कन्सोल) विषय निघाला की बजेटवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, आहे तो बंद पडला तर एलपार (एकाच सर्व्हरचे भाग करून बनवलेले वेगवेगळे सर्व्हर) बंद पडतात का? नाही पडत. एआयएक्स, आयबीएम आय, लिनक्स सगळं चालू राहतं, पण तेवढ्यात एखादा एलपार हँग झाला तर त्याचा कन्सोल उघडता येत नाही, रीस्टार्ट मारता येत नाही, मेमरी वाढवता येत नाही, लाइव्ह मायग्रेशन (चालू एलपार दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं) नाही, कॉल होम (बिघाडाची आयबीएमला आपोआप जाणारी सूचना) पण जात नाही. म्हणजे ऐन अडचणीत हात बांधलेले. प्रॉडक्शन असेल तर दोन हवेतच, यावर मी ठाम आहे.

मला सगळ्यात आवडलं ते हे की यात प्रायमरी-सेकंडरी असला प्रकारच नाही, दोन्ही एकाच वेळी ॲक्टिव्ह, कुठूनही काम करा, फेलओव्हरची वाट बघत बसायचं नाही. फक्त एका एलपारचं व्हीटर्म (कन्सोलची खिडकी) एका वेळी एकाच ठिकाणी उघडतं, त्यामुळे रात्रपाळीवाल्याने दुसरीकडे उघडं ठेवलं असेल तर आधी ते बंद करावं लागतं.

सेटअपमध्ये खरा वेळ नेटवर्क खातं. एफएसपीवर (सर्व्हरमधला सर्व्हिस प्रोसेसर, एचएमसी यालाच जोडतात) एचएमसी १ आणि एचएमसी २ असे दोन पोर्ट असतात, ते वेगवेगळ्या सबनेटमध्येच पाहिजेत, आणि दोन्ही एचएमसी डीएचसीपी सर्व्हर म्हणून चालवणार असाल तर दोघांना वेगळी आयपी रेंज द्या, केबल पण वेगळ्या स्विचला लावा. दोन्ही एकाच स्विचवर, एकाच पीडीयूवर (रॅकची वीजपट्टी) टाकले तर पैसे पाण्यात गेले समजा. (पॉवर १० च्या एस १०२२, एस १०२४ वर एफएसपीच्या जागी ईबीएमसी हा वेगळा सर्व्हिस प्रोसेसर आहे, ई १०८० वर अजून एफएसपीच.) फायरवॉलवाल्यांना ६५७ पोर्ट दोन्ही एचएमसींसाठी उघडायला सांगा, नाहीतर आरएमसी (एचएमसी आणि एलपारमधलं कनेक्शन) जुळत नाही आणि डीएलपार (चालू एलपारची मेमरी, सीपीयू बदलणं) अडतं.

आता खर्च. दोन्ही बॉक्सच घ्यायला पाहिजेत असं काही नाही, एक ७०६३-सीआर२ (आयबीएमचा एचएमसी बॉक्स) आणि जोडीला व्हीएमवेअर किंवा केव्हीएमवर व्हीएचएमसी (व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणारा एचएमसी), ही जोडी मला पैशाच्या मानाने सगळ्यात चांगली वाटते, फक्त सर्व्हिस प्रोसेसरचा व्हीलॅन त्या होस्टपर्यंत न्यावा लागतो. व्हीएचएमसी पॉवरवरच्या एलपारमध्ये पण चालतो, पण ज्या सर्व्हरवर बसलाय त्याच सर्व्हरला तो सांभाळू शकत नाही, हे आधीच लक्षात घ्या. जुना ७०४२ एचएमसी बॉक्स पडून आहे तोच दुसरा म्हणून लावू असा विचार असेल तर तो एचएमसी व्हर्जन १० वर जात नाही, आणि पॉवर १० ला किमान तेच लागतं.

दोघांचं व्हर्जन कायम सारखं ठेवा. एचएससीरूटचा (एचएमसीचा ॲडमिन युजर) डीफॉल्ट पासवर्ड दोन्हीकडे बदला, बॅकअप दोन्हीचा बाहेरच्या सर्व्हरवर घ्या, आणि इन्स्टॉल करणारा इंजिनिअर जायच्या आत त्याच्यासमोरच पहिल्या एचएमसीची केबल काढून दुसऱ्यावरून एक टेस्ट एलपार बंद-चालू करून बघा.