ओमेगा स्पीडमास्टर १४५.०२२ : सोलापुरात रोजच्या वापरानंतर

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही ओमेगाची स्पीडमास्टर गेल्या दिवाळीपासून रोज माझ्या मनगटावर आहे. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी झाली, आता मे महिन्याचं ऊनही झालं. जुन्या क्रोनोग्राफचा, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाचा, विषय निघाला की लोक लिलावाचे आकडेच सांगतात. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याची रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेली, वगैरे. असं घड्याळ रोज घातल्यावर काय होतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

आधी मशीन. हिच्यात ओमेगाचं ८६१ नंबरचं मशीन आहे, आणि जाणकार मंडळी इथंच नाक मुरडतात. त्यांना त्याआधीचं ३२१ हवं असतं, कारण १९६९ मध्ये चंद्रावर गेलेल्या घड्याळांत तेच होतं. त्यातलं कॉलम व्हील, म्हणजे स्टॉपवॉच चालू-बंद करणारं खांबांचं चाक, खरोखर देखणं, बटणही मऊ दबतं. १९६८ मध्ये आलेल्या ८६१ मध्ये त्याच्या जागी कॅम, म्हणजे साधी खाचांची चकती, आला, बटण जरा कडक झालं, पण ठोके तासाला १८,००० वरून २१,६०० झाले. माझं स्पष्ट मत आहे : घालायला घेत असाल तर ८६१च घ्या. याच घराण्यातलं १८६१ अगदी अलीकडेपर्यंत नव्या स्पीडमास्टरमध्ये बसत होतं, त्यामुळे बरेच सुटे भाग जुळतात. तिजोरीत ठेवायचं असेल तर ३२१ शोधा.

आता खरा उपयोग. आमचा टॉवेलचा कारखाना आहे. बेझलवरचा, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावरचा, टॅकीमीटर (आकड्यांची पट्टी) गाडीचा वेग मोजण्यासाठीच असतो असं सगळे धरून चालतात. पुणे रस्त्यावर किलोमीटरच्या लागोपाठच्या दोन दगडांमध्ये ४५ सेकंद लागले की काटा ८० दाखवतो, हे खरंच. पण एका मिनिटाच्या आत संपणाऱ्या कुठल्याही कामाचा ताशी हिशेब त्यावर मिळतो. शिलाईच्या टेबलापाशी उभं राहायचं, नॅपकीन सुईखाली गेला की वरचं बटण दाबायचं, शिवून दोरा कापला की पुन्हा दाबायचं. ४० सेकंद झाले असतील तर काटा बरोबर ९० वर, म्हणजे तासाला नव्वद नग. कागद नको, कॅल्क्युलेटर नको. काटा शून्यावर आणणारं खालचं बटण मात्र काटा थांबवल्यावरच दाबावं.

त्याच ९० पाशी संग्राहकांची मोठी गंमत आहे. जुन्या बेझलवर ठिपका ९० च्या डोक्यावर असतो, नंतरच्यावर बाजूला. डोक्यावर ठिपका असलेल्या नुसत्या बेझलला वेगळी किंमत मोजणारे लोक आहेत. माझ्या घड्याळावर तो बाजूला आहे, आणि त्याच्या वयाला तोच शोभतो. जुना बेझल आणून बसवणं मला पटत नाही.

डायलचंही तेच. तासांच्या खुणा पिवळसर झाल्यात आणि अंधारात अजिबात चमकत नाहीत. तसंच असायला हवं. त्या ट्रिटियमच्या, म्हणजे अंधारात चमकवणाऱ्या किरणोत्सर्गी पदार्थाच्या, आहेत; ट्रिटियम साधारण बारा वर्षांत निम्मं होतं. याच काळातलं घड्याळ रात्रभर उजळत असेल तर रंग नंतर भरलाय, समजा. नवी पेठेतल्या आमच्या घड्याळजींनी मशीन उघडून साफ केलं, तेल दिलं. डायल ‘नवा’ करायचा का, असं कुणीतरी सुचवताच ते म्हणाले, “मालक, डायलला हात लावू नका. वय झालंय त्याचं, दिसू द्या की.” असा माणूस गावात आहे म्हणून हे घड्याळ मी रोज वापरू शकतो.

काच ॲक्रिलिकची. चरे पटकन पडतात, पॉलिशची पेस्ट लावून घासलं की जातात. भिंग लावून अगदी मध्यभागी पाहिलं तर आतून कोरलेलं ओमेगाचं इवलंसं चिन्ह दिसतं. ते मी दर वेळी पाहतो, आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

त्रास पाण्याचा आणि घामाचा. इतक्या जुन्या घड्याळाच्या वॉटरप्रूफपणावर मी भरवसा ठेवत नाही. एप्रिलपासून चामड्याचा पट्टा काढून कापडी घातलाय, तो आठवड्याला धुता येतो. दुपारी उन्हातून आल्यावर लगेच एसीच्या हवेत जायचं असेल तर घड्याळ आधी काढून ठेवतो. चावी रोज सकाळी एकाच वेळेला द्यायची, जिथं अडेल तिथं थांबायचं. वेळ दिवसाला काही सेकंद पुढे जाते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाऊस सुरू झाला की ही कपाटात जाईल आणि कारखान्यात एचएमटी चालेल.