काका हरला, पुतण्या जिंकला: 1812 चा बोर्डगेम

3,400 रुपये मोजून युद्ध मागवलं आणि खोका उघडला तर एक जहाज गायब! इंग्रजांची युद्धनौका (फ्रिगेट) ‘गेरियेर’. सध्या तिच्या जागी माझ्या जुन्या सफारीचं काळं बटन लढतंय. विक्रेत्याशी मेलामेली सुरू आहे, त्यामुळे त्याचं नाव इथं नको.

खेळ 1812 च्या अमेरिका-इंग्रज युद्धाचा. दोघांनी खेळायचा, तीन तास धरून चाला. मी आणि माझा आठवीतला पुतण्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी भर मे महिन्यात बसलो. पहिली सूचना: कूलरसमोर मांडू नका. सैन्याच्या चकत्या इतक्या हलक्या पुठ्ठ्याच्या, की एका झोतात अख्खी न्यूयॉर्क मिलिशिया, म्हणजे हंगामी नागरी फौज, पलंगाखाली गेली. कूलर भिंतीकडे वळवला आणि घाम पुसत तेव्हाच्या इंग्रजांच्या कॅनडावर चाल केली.

जमिनीवरचा खेळ फर्मास आहे. मिलिशियाची चकती सरहद्दीवर आली की फासा टाकायचा. पडला वाईट की ती कॅनडात पाऊलच टाकत नाही. कॅनडातल्या क्वीन्स्टन हाइट्सला ऑक्टोबर 1812 मध्ये खरंच असं झालं होतं. पलीकडे आपली माणसं मरताहेत आणि अलीकडची मिलिशिया नदी ओलांडायला तयार नाही. इंग्रजांचा जनरल ब्रॉक मेला त्याच लढाईत, तरी जिंकले इंग्रजच.

पण आमचा डाव अडला तो डेट्रॉइटला. अमेरिकेचा जनरल विल्यम हल माझ्याकडे. समोर ब्रॉक आणि शॉनी या मूळ अमेरिकन जमातीचा सरदार टेकुमसे, फौज माझ्याहून कमी. खऱ्या युद्धात ब्रॉकने निरोप धाडला होता, की एकदा लढाई जुंपली की सोबतचे मूळ अमेरिकन योद्धे माझ्या ताब्यात राहणार नाहीत. खेळात त्याचं ‘धाक’ नावाचं कार्ड आहे. पुतण्याने ते टाकलं आणि माझा किल्ला गेला.

“काका, तुमचा जनरल काहून इतका भिऊन राहिला?”

खऱ्या हलनेही 16 ऑगस्ट 1812 ला असाच किल्ला देऊन टाकला. पुढे कोर्टमार्शल होऊन मृत्युदंड झाला. म्हातारपण आणि जुनी कामगिरी बघून अध्यक्ष मॅडिसनने जीव वाचवला. गंमत पुढे आहे. तीनच दिवसांनी, 19 ऑगस्टला, अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाजाने गेरियेरची डोलकाठ्यांसकट वाट लावली. इतकी, की दुसऱ्या दिवशी ती जाळावीच लागली. तिचे गोळे कॉन्स्टिट्यूशनच्या ओकच्या अंगावरून उसळत होते, म्हणून त्या जहाजाला ‘ओल्ड आयर्नसाइड्स’, म्हणजे लोखंडी अंगाचं, म्हणतात. कप्तान कोण? आयझॅक हल. विल्यमचा सख्खा पुतण्या! हे वाचून आमचे पुतणेराव दिवसभर कॉलर ताठ करून फिरले. काका-पुतण्याचा विषय आपल्याकडे नाजूक, मी गप्प.

समुद्रावर मात्र खेळ गंडला. सगळा अटलांटिक एका कोपऱ्यातल्या चौकोनात कोंबलाय. दोन फासे टाका, विषय संपला. तळ्यावरच्या लढाया त्यामानाने बऱ्या. ईरी तळ्यावर अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी याचं जहाज खिळखिळं झालं की त्याला होडीतून दुसऱ्या जहाजावर नेता येतं, 10 सप्टेंबर 1813 ला तो गेला तसंच. त्याच्या झेंड्यावर लिहिलेलं होतं ‘जहाज सोडू नका’. पुतण्या हसून लोटपोट.

माझी खरी तक्रार शेवटाची. न्यू ऑर्लिन्सचं कार्ड निघालं की डाव बंद. ती लढाई 8 जानेवारी 1815 ची, तह युरोपात घेंटला आधीच झालेला, पण बातमी समुद्रापलीकडे पोचायची होती. अरे, पण त्यानंतरही चकमकी झाल्या! एप्रिल 1815 मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या इंग्रज जहाजाने अमेरिकेच्या ‘हॉर्नेट’चा असा पाठलाग केला, की तिने हलकं होऊन निसटण्यासाठी आपल्या तोफाच समुद्रात टाकल्या. आणि कॉर्नवॉलिस बांधलं कुठं? मुंबईत, वाडियांच्या हाताखाली, सागवानात. खोक्यात तिची चकतीसुद्धा नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण गेरियेरचा कापलाय, जहाज आलं की परत देईन. पुतण्या म्हणतो राहू द्या, बटन जास्त लढते.