बीटल घाटात न्यायची आहे? ड्रम, पुढे डिस्क की चारही चाकांना डिस्क

पसरणी घाटातून वाईला उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर माझ्या फोक्सवॅगन बीटलचं ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं. जळक्या लायनरचा (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांचा) वास काचा खाली असल्यामुळे लगेच आला. सेकंड गिअर टाकला, कडेला जागा मिळेपर्यंत इंजिनावरच गाडी धरली आणि अर्धा तास थांबलो. गाडी १९६७ची १३०० मॉडेलची आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे बंद डब्याला आतून शू दाबणारे. घरी येईपर्यंत डिस्क ब्रेकचं, म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या ब्रेकचं, किट घ्यायचं असं मनाशी पक्कं केलं होतं. आता दोन वर्षं पुढे डिस्क लावून गाडी चालवतोय. तरी कुणी विचारलं तर आधी किटची गोष्ट काढत नाही.

आधी विचारतो, ब्रेक ऑईलची लाईन एक आहे की दोन? अमेरिकेत गेलेल्या बीटलना १९६६च्या ऑगस्टपासून दोन लाईनींचा दुहेरी मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ऑईल लाईनीत ढकलणारा भाग) मिळाला, बाकीच्या बऱ्याच गाड्यांना वर्षभराने. त्याआधीच्या गाडीत चारही चाकं एकाच लाईनवर असतात. एक होज पाईप फुटला की चारही ब्रेक गेले. अशा गाडीला कितीही भारी डिस्क लावा, तो धोका तसाच राहतो. म्हणून बजेट कमी असेल तर पहिले पैसे दुहेरी मास्टर सिलेंडर, दोन कप्प्यांची ऑईलची टाकी आणि नव्या पाईपांवर घाला.

त्यानंतर ड्रमच ठेवायचे ठरवलं तर त्यात कमीपणा काही नाही. गाडीचं वजन जेमतेम आठशे किलो. ड्रम लेथवर एकसारखे करून घेतले, व्हील सिलेंडर नवे, लायनर चांगले आणि ऍडजस्टिंग नीट केलं, तर शहरात ब्रेक मस्त लागतो. प्रत्येक चाकाला दोन ऍडजस्टर असतात. दातेरी चकती स्क्रूड्रायव्हरने एकेक दात फिरवायची, चाक घासेपर्यंत, मग किंचित मागे. माझ्या गाडीचं हे काम कित्येक वर्षं कुणी केलंच नव्हतं. घाटातल्या त्या प्रकारात अर्धा दोष त्याचाच होता.

उरलेला अर्धा दोष मात्र ड्रमच्या घडणीतच आहे. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खोल जातं. डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो, लवकर निवते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम वाळेपर्यंत ब्रेकचा भरवसा नसतो. डिस्कवरचं पाणी पॅड पहिल्या दाबातच पुसून काढतात. महिन्यातून एकदा तरी महाबळेश्वर, आंबोली किंवा हायवे होत असेल, तर पुढे डिस्क लावाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातही मूळ मापाचं किट घ्या. बीटलची बहीण असलेल्या फोक्सवॅगनच्या कारमन घियाला १९६७च्या मॉडेलपासून पुढे डिस्कच होत्या, त्याही सर्व्होशिवाय (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्राशिवाय). तशाच घडणीचं किट बीटलला चपखल बसतं. पेडल ड्रमपेक्षा थोडं जड लागतं, आठवड्यात पायाला सवय होते. गाडी बसकी करणारे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं ते दांडे) असलेलं किट दिसायला छान, पण अडीच इंच खाली आलेली गाडी आपल्या स्पीडब्रेकरवर रोज घासणार. मी ते घेणार नाही.

ऑर्डर देण्याआधी पुढचा ऍक्सल ओळखा, म्हणजे पुढची चाकं कशी जोडली आहेत ते. १९६५च्या ऑगस्टआधी किंगपिन-लिंकपिन, नंतर बॉल जॉइंट, १३०२ आणि १३०३ या मॉडेलना स्ट्रट. तिघांची किट वेगळी. चाकाचे बोल्टही मोजा: पाच की चार. पाच बोल्टच्या गाडीला पुढे चार बोल्टची डिस्क घेतली, तर मागची चाकं पाचचीच राहतात आणि एक स्टेपनी सगळीकडे चालत नाही. पाच बोल्टची डिस्कही मिळते, फक्त तुमचा रिम कॅलिपरला (पॅड धरणाऱ्या भागाला) घासत नाही ना, हे विक्रेत्याकडून माप मागवून तपासा.

माझी फसगत मात्र वेगळीच झाली. गॅरेजवाल्याने डिस्क लावल्या आणि जुना मास्टर सिलेंडर तसाच ठेवला. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये लाईनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला तो नको, कारण पाय काढला तरी पॅड सुटत नाहीत. वीस किलोमीटरवर थांबून पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावला तर चटका बसला. पुढच्या लाईनला असा व्हॉल्व्ह नसलेला, डिस्कसाठीचा मास्टर सिलेंडर किटबरोबरच मागवा. ब्रेक ऑईल डॉट ४ दर्जाचं, आणि ते हवेतला ओलावा शोषतं म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. कोकणात राहत असाल तर हे काम लांबणीवर टाकू नका.

चारही चाकांना डिस्क? रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या साध्या इंजिनाच्या गाडीला मी नको म्हणेन. मागचा ब्रेक पुढच्याआधी जाम झाला तर मागे इंजिन असलेली ही गाडी गर्रकन फिरते. शिवाय काही किटमध्ये हँडब्रेकच नसतो. चढावर उभ्या गाडीला मागच्या ड्रमचा हँडब्रेक घट्ट धरतो, तो घालवायचा कशाला? इंजिनाची ताकद वाढवून ट्रॅकवर नेणाऱ्यांचं गणित वेगळं.

गाडी पन्नास वर्षांवरची असून व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर २०२१च्या नियमांत चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत बदल नसावा अशी अट आहे. ब्रेकचं नाव त्यात नाही, तरी काढलेले ड्रम ग्रीस लावून जपून ठेवा. पुन्हा मूळ रूपात आणायची वेळ आली तर शोधाशोध नको.

किटचा खोका आला की एक छोटी वस्तू आधी बघा. बीटलच्या स्पीडोमीटरची केबल पुढच्या एका चाकाच्या ग्रीस कॅपमधून फिरते आणि त्या कॅपला मधोमध चौकोनी भोक असतं. किटमध्ये दोन्ही कॅप बिनभोकाच्या निघाल्या, तर काटा शून्यावरच राहील. डाव्या स्पिंडलचा नट उलट्या आट्यांचा असतो, हे मेकॅनिकला पाना लावायच्या आधीच सांगा.